आईच्या फुप्फुसातली गर्दी

त्या सकाळी बगळ्याने मला एकापाठोपाठ दोन बातम्या सांगितल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात.

पहिली अशी, की आईच्या अंगातले विषाणू भराभर कमी होत आहेत. दुसरी अशी, की आईची प्रकृती कालच्यापेक्षा खालावली आहे.

"परत सांग," मी म्हटलं.

त्याने परत सांगितलं. त्याच क्रमाने, त्याच गुळगुळीत आवाजात.

"अरे, चोर पळाले की घरातल्यांना बरं वाटतं ना? मग हिला का नाही वाटत? सरळ बोल की जरा."

"मी सरळच बोलत आहे," बगळा म्हणाला. "माझी मान वाकडी आहे. भाषा नाही."

बगळा म्हणजे आमच्या दवाखान्यातला यंत्रमानव. उंच, पांढरा, काटकुळ्या पायांचा. त्याचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून इतकं लांबलचक आहे की वस्तीत कुणी ते पाठ करायच्या भानगडीत पडलं नाही. आणि आमचा दवाखाना म्हणजे एक नौका. आगरबेटावर सगळंच तरतं. समुद्र वर चढत आला तेव्हा पणजोबांच्या पिढीने त्याच्याशी भांडत बसण्याऐवजी घरं तराफ्यांवर घेतली, मग शाळा घेतली, मग देऊळ आणि शेवटी दवाखाना. त्यामुळे आईच्या खोलीतल्या गोल खिडक्यांतून पाण्याचा हिरवा उजेड आत यायचा आणि छतावर सावकाश लाटा हलायच्या. आई त्या उजेडात डोळे मिटून पडली होती, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. मला सारखं वाटत होतं की ती कुठेतरी खोल तळाशी आहे आणि मी वरून, होडीच्या कडेवरून वाकून तिच्याकडे बघतेय.

तिला करडा ताप झाला होता. हा ताप विषाणूमुळे येतो (विषाणू म्हणजे इतका लहान जंतू की त्याला स्वतःचं घरदारसुद्धा नसतं, तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिथेच स्वतःच्या नकला काढत बसतो). बाबा खोल समुद्रात गेले होते आणि त्यांच्या बोटीशी बोलणंही होत नव्हतं. म्हणजे घरातलं जबाबदार माणूस कोण, तर नववीतली मी.

आता जबाबदार माणूस हात बांधून बसतं का? विज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलं होतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराचं रक्षण करतात. आई हरतेय, म्हणजे तिच्याकडे पांढऱ्या पेशी कमी पडत असणार, इतकं सोपं होतं ते. शिवाय यंदा वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून माइक दिसला की माझी जीभ आपोआप सुटते. मी वस्तीच्या वायरलेसवर गेले आणि म्हटलं, "मी चौलकरांची हर्षिका. माझ्या आईला पांढऱ्या पेशी हव्या आहेत. ज्यांचं अंग धडधाकट आहे त्यांनी रक्त द्यायला दवाखान्यावर या."

आणि सगळे आले. आमच्याकडे हाक गेली की कोणी 'कशाला' असं विचारत नाही. कुणाचं जाळं जड झालं, कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणाच्या घरी दुखणं आलं, की हातातलं काम टाकून निघायचं. आधी आलेल्यांनी आपल्या बोटी दवाखान्याला बांधल्या, मागून आलेल्यांनी त्यांच्या बोटींना, त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांना. खाडीच्या तोंडापर्यंत नुसत्या बोटी, एकीला एक खेटून. मी वरच्या मजल्यावरून बघत होते आणि माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

तेवढ्यात सुहासमामा आला. डॉक्टर सुहास मेहेर, आईचा चुलतभाऊ. याच वस्तीत वाढला, लांब जाऊन शिकला, संशोधन केलं आणि परत आला. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"हर्षे, हे कुणी केलं?"

"मी."

"शाळेत छान बोलतेस म्हणे."

"हो."

"यातल्या एकाचंही रक्त मी ताईला देणार नाही."

"का पण? ती श्वासाला तडफडतेय, एवढी माणसं दारात उभी आहेत आणि तू..."

"तिला सैनिक कमी पडत नाहीयेत गो," तो म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. "जास्त झालेत. आता मला तिच्याजवळ थांबू दे. बगळ्या, हिला आत घेऊन जा."

आत म्हणजे आईच्या आत.

आईच्या रक्तातून तेव्हा धुळीच्या कणाहून बारीक असे कॅमेरे वाहत होते आणि ते जे बघत ते बगळ्याकडच्या टोपात दिसत असे. बगळ्याने तो टोप माझ्या डोक्यावर अलगद बसवला.

आधी काळोख. मग गुलाबी. पण कसा गुलाबी, तर आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखा. तांबड्या पेशी मऊ चकत्यांसारख्या एकामागोमाग तरंगत चालल्या होत्या. अरुंद वळण आलं की अंग दुमडायच्या, पलीकडे गेल्या की पुन्हा गोल व्हायच्या. कुणालाही घाई नव्हती. आणि फार लांबून एक आवाज येत होता, किनाऱ्यावर लाट मऊ आपटावी तसा. धुप्प. मग शांतता. मग धुप्प.

"हे काय वाजतंय?"

"तुझ्या आईचे हृदय."

मी पुढच्या ठोक्याची वाट बघितली.

"आता आपण फुप्फुसाच्या निरोगी भागात आहोत," बगळा माझ्या कानाशी म्हणाला. "समोर पाहा. हे वायुकोश (फुप्फुसातले हवेचे इवले इवले फुगे)."

द्राक्षांचे घड असावेत आणि प्रत्येक द्राक्ष श्वास घेत असावं, तसं दिसत होतं ते. फुगायचे, मिटायचे, फुगायचे. त्यांची भिंत इतकी तलम होती की पलीकडची हवा दिसावी. त्या भिंतीतून प्राणवायू रक्तात उतरत होता आणि काळपट चकत्या एकेक करून लालचुटुक होत होत्या. मला तिथेच राहावंसं वाटलं. घर बांधून.

मग भिंतीला घासत, गडगडत, एक पारदर्शक गोळा आला. त्याच्या पोटात जांभळे मणी होते, दोऱ्यात ओवल्यासारखे.

"हा न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींमधला संख्येने सर्वांत मोठा आणि हाकेला सर्वांत आधी धावणारा प्रकार)," बगळा म्हणाला. "हाडाच्या मगजात जन्मतो. फार तर एखादा दिवस जगतो. त्याला स्वतःचे आयुष्य वाचवण्याची सवय नाही."

"म्हणजे आमच्या वस्तीतलाच आहे."

"माझ्या माहितीत तशी नोंद नाही."

मी हसले. मग बगळ्याने मला एक जुनं चित्रण दाखवलं, आईला एकदा पायात काटा रुतून पू झाला होता तेव्हाचं. जिवाणू (विषाणूपेक्षा खूप मोठे, पेशीबाहेर मोकळे फिरणारे जंतू) इकडेतिकडे पसरले होते. न्यूट्रोफिल आला आणि त्याने एकाला गिळून टाकलं. दुसऱ्यावर त्याने तिखट रसायनं फवारली. आणि जिवाणूंची झुंडच अंगावर आली तेव्हा त्याने भलतंच केलं. तो फुटला. त्याच्या पोटातले जांभळे मणी उलगडले आणि त्यातून लांबच लांब चमकता धागा बाहेर पसरला. जाळं. कोळी हाताने पागेरा फेकतात तसं गोल, हवेत उघडणारं जाळं. त्यात जिवाणू अडकले.

"हा धागा म्हणजे डीएनए (पेशीची सगळी माहिती जपून ठेवणारा धागा)," बगळा म्हणाला. "तो स्वतःचाच धागा फेकतो आणि बहुधा त्यातच संपतो."

कोळ्याच्या मुलीला जाळं कसं फेकतात ते कळतं हो. पण स्वतःलाच उसवून जाळं करायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"आता आजारी भागात जाऊ," बगळा म्हणाला.

उजेड मळत गेला. पाण्यात चहा सांडावा तसा. चकत्या अडखळू लागल्या. आणि मग समोर नुसते न्यूट्रोफिल. भिंतींना चिकटलेले, भिंतींतून घुसणारे, एकमेकांच्या अंगावर चढलेले. जो तो फवारत होता. जो तो फुटून जाळं फेकत होता. जाळ्यांवर जाळी. केशवाहिन्यांत (केसाहून बारीक रक्तनळ्यांत) ती जाळी गुंतून त्यांच्या गाठी झाल्या होत्या आणि गाठींमागे तांबड्या पेशी तुंबून राहिल्या होत्या.

"पण विषाणू कुठे आहेत?"

"जे थोडे उरले आहेत ते पेशींच्या आत लपलेले आहेत. तिथवर जाळे पोहोचत नाही. त्यांना शोधून संपवण्याचे काम दुसऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिद्रव्ये (नेमक्या एका जंतूला ओळखून त्याला चिकटणारे रेणू) करतात. ते काम बरेचसे झालेही आहे."

"मग हे एवढे सगळे फवारतायत कुणावर?"

बगळ्याने चित्र भिंतीच्या आणखी जवळ नेलं.

"तुझ्या आईच्या भिंतींवर," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्या तलम भिंती झिजून फाटल्या होत्या. त्यांतून पाणी झिरपून वायुकोशांत साचत होतं. फुगायच्या जागी ते जड होऊन लोंबत होते. आणि भिंत फाटली की तिच्यातून मदतीची हाक सुटत होती, हाक ऐकून आणखी न्यूट्रोफिल येत होते, ते आले की आणखी भिंत फाटत होती. सकाळच्या दोन बातम्या मला तिथे, त्या मळक्या उजेडात, एकदम जुळल्या. चोर पळाले होते. आता घर मोडत होतं ते वाचवायला आलेल्यांच्या धक्क्यांनी.

"मग हाकलून दे ना सगळ्यांना."

"सगळ्यांना हाकलले तर जिवाणूंना दार उघडे मिळेल. असे आजारी फुप्फुस त्यांना आवडते. थोडे पहारेकरी हवेतच. फक्त गर्दी कमी करायची आहे."

"एरवी गर्दी कमी कोण करतं?"

"शरीरच करते. काम झाले की ते खुणेची रसायने सोडते. त्यांचा अर्थ असा, की मदत मिळाली, आता नवे येऊ नका आणि आलेल्यांनी शांत व्हा. मग महाभक्षक पेशी (मेलेले, मोडलेले गिळून जागा स्वच्छ करणाऱ्या मोठ्या पेशी) येतात. तुझ्या आईच्या शरीरात ती खूण या गोंधळात हरवली आहे. म्हणून डॉक्टर मेहेरांनी औषध मागवले आहे. त्यात एक विकर आहे (विकर म्हणजे ठरावीक पदार्थाचे तुकडे करणारा रेणू). ते गुंतलेली जाळी कापते. आणि सोबत त्या हरवलेल्या खुणेची नक्कल आहे."

"कधी येणार ते?"

"आत्तापर्यंत यायला हवे होते."

मी टोप काढला आणि खिडकीबाहेर पाहिलं. क्षणभर मला वाटलं टोप अजून डोक्यावरच आहे.

बोटी. एकीला एक खेटून, दोरांत दोर गुंतलेले, भिंतीसारख्या. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, औषधाची पिवळी लाँच भोंगा वाजवत जागच्या जागी हिंदकळत होती. वाऱ्यामुळे ड्रोन बंद होते, म्हणून औषध पाण्यातून आलं होतं, लाँचमध्येच बसवलेल्या जड शीतपेटीतून, जी बोटींवरून हातोहात आणता येणार नव्हती. ओहोटी लागली होती. कडेचा गाळ उघडा पडायला सुरुवात झाली होती.

"पाणी उतरलं की लाँचला पुढच्या भरतीपर्यंत आत येता येणार नाही," सुहासमामा माझ्या मागे येऊन म्हणाला. मग तो आईकडे बघत राहिला. "तेवढा वेळ ताईकडे नाही."

मी धावले. बोटी बांधलेल्याच होत्या, मग एका बोटीच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) दुसरीच्या नाळेवर उड्या मारत, लोकांच्या "काय झालं गो" मधून वाट काढत थेट शेवटच्या बोटीवर. कारण अशी एकीला एक बांधलेली रांग फक्त बाहेरूनच सुटते. जो शेवटी आला त्याने आधी निघायचं. आणि शेवटची बोट होती हिराजीकाकांची, बाबांची बोट पूर्वी चालवणाऱ्या तांडेलाची.

तिथे पोचल्यावर मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटली.

तुम्हाला आमची रीत सांगायला हवी. आगरबेटावर मदतीला आलेला माणूस आपण होऊन निघत नाही. ज्या घरचं संकट, त्या घरच्याने त्याच्या बोटीचा दोर स्वतःच्या हाताने सोडायचा आणि म्हणायचं, "पावलं." म्हणजे तुमची मदत पोचली, आता सुखाने जा. त्याच्या आधी जाणं म्हणजे पाठ फिरवणं. आणि घरात दुखणं असेल तर हा शब्द दोनच वेळा म्हणतात. माणूस उठून बसलं की. नाहीतर माणूस गेलं की.

आई उठून बसली नव्हती.

"पावलं, काका," मी म्हटलं.

हिराजीकाकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "गेली का गो वयनी?"

"नाही. आहे."

"मग असलं अभद्र कशाला बोलतेस? पोटची पोर ना तू तिची?"

"काका, तिच्या छातीत अशीच गर्दी झालीये." मला भाषण येत होतं, पण ते कुठे गेलं कोण जाणे. साधंच बोलले. "तिच्याच पेशी तिला वाचवायला धावल्या. आता त्या तिथेच थांबल्यात, जाळी टाकत बसल्यात, आणि तिला श्वासाला जागा उरली नाही. त्यांना परत पाठवायचं औषध त्या लाँचवर आहे. आणि लाँच तुमच्या मागे आहे."

त्यांनी मागे वळून पाहिलं. पिवळ्या लाँचकडे, मग गाळाकडे.

"म्हणजे आम्हीच आडवे आलो?"

"तुम्ही आलात ते बरोबरच होतं. मीच बोलावलं होतं. आता थांबणं आडवं येतंय."

"आणि आम्ही गेल्यावर तिला काय झालं तर? लोक म्हणतील, पोरीने आधीच पावलं म्हटलं."

 तेच मलाही वाटत होतं. तो शब्द बोलून मी आईला सोडून तर देत नाहीये ना?

"म्हणू देत," मी म्हटलं.

हिराजीकाकांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "मग तुझ्याच हातानं सोड. रीत ती रीत."

गाठ ओली होती, नखं दुखली, पण सुटली. त्यांनी बोट मागे घेतली. मग मी पुढच्या बोटीवर. पावलं, आत्या. पावलं, दादा. प्रत्येक जण आधी घाबरायचा, मग ऐकायचा, मग लाँचकडे बघायचा. एका आत्याने जाता जाता जेवणाचा डबा माझ्या काखेत कोंबला. एक काका कुरकुरले की रक्त नको तर निदान चार बांगडे तरी घे, हात हलवत जायची सवय नाही आपल्याला. सगळ्यांना मात्र मी सोडलं नाही. दोन चपळ होड्या कडेला थांबवून ठेवल्या, रात्री काही लागलंसवरलं तर. पहारेकरी हवेतच ना.

मधे पाण्याची एक वाट उघडली. निळी, अरुंद, हलणारी. तिच्यातून पिवळी लाँच गाळ खरवडत आत आली.

औषध अंगात गेलं आणि लगेच आई उठून बसली, असं मी लिहिलं असतं तर मलाच आवडलं असतं. तसं झालं नाही. ती रात्र वाईट होती. दुसरा दिवसही वाईट होता आणि वस्तीत कुणीतरी कुजबुजलंच की पोरीने घाई केली. मी टोप घालून बसायची. बगळा म्हणायचा झोप, मी म्हणायची तूच झोप, तो म्हणायचा मला ती सोय नाही.

आणि मग एका दुपारी तो मळका उजेड किंचित विरळ झाला. एका केशवाहिनीतली गाठ साखर विरघळावी तशी कडेने विरघळत होती. एक तांबडी चकती तिथून अंग दुमडून निसटली, मग दुसरी. नवे न्यूट्रोफिल भिंतीपाशी येत, जरा रेंगाळत आणि पुढे निघून जात. जे आत होते ते दमून मिटत होते, आणि एक मोठी, संथ महाभक्षक पेशी त्यांना एकेक करून पोटाशी घेत होती. खेळून दमलेल्या पोरांना कुणी उचलून अंथरुणावर नेतं ना, तसं. मी ते इतका वेळ बघत बसले की बाबा येऊन मागे उभे राहिलेले मला कळलंच नाही.

आईने डोळे उघडले तेव्हा वस्तीत ऐकलेलं सगळं तिला बाबांनीच सांगितलं. माझं भाषण, बोटी, दोर, सगळं. तिने मुखवटा बाजूला केला.

"सगळ्यांना तसंच पाठवलंस?" तिचा आवाज काटा अडकल्यासारखा होता. "चहासुद्धा नाही?"

"आई, तू मरत होतीस."

"म्हणून काय झालं."

सुहासमामा इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग मी त्याला विचारलं की ती परत जायची खूण काहींच्या शरीरात वेळेवर उमटते आणि काहींच्या शरीरात हरवते, असं का. तो म्हणाला, "थोडं कळलंय. बरंचसं नाही." बगळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून कोणाजवळही नाही." त्याने आजवर मला सांगितलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात आवडली. कारण ज्याचं उत्तर कुणाजवळच नाही ते शोधायला नववीतलं कुणी निघालं तरी उशीर झालेला नसतो.

"बघायचं का तुला?" मी आईला विचारलं आणि टोप तिच्या डोक्यावर ठेवला.

छतावर पाण्याचा हिरवा उजेड हलत होता. आईचे हात चादरीवर शांत पडले होते आणि छाती सावकाश वर येत होती, खाली जात होती. मग ती, जणू कुणी झोपलेलं जागं होऊ नये अशा हळू आवाजात म्हणाली,

"केवढी जागा आहे गो आत."